उन्हात रापलेला गाल

प्रिय टाचणी,

आज गालावर शेवटचा लेझर मारून घेतला. डोळ्यांवर झाकणं ठेवतात आणि मग कुणीतरी रबर ताणून गालावर सोडत राहावं तसं चट् चट् होतं. पण व्रण मऊ पडलाय. गाडीवरून पडल्यावर कमरेचं हाड काढून माझा जबडा बांधला, तेव्हापासून ताई चिडवते, आता बसलास की तोंड दुखत असेल. आज त्यावर तोंडभर हसलो, आणि ओठ एका बाजूला ओढला गेला नाही. आई आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

हे केव्हाच उरकलं असतं. पण मधे डॉक्टरीणबाईंनी हाकलून दिलं. कातडी उन्हाने रापलेली असली तर लेझर मारत नाहीत, डाग उलट काळा पडतो. मी आवाज चढवला. त्या म्हणाल्या, "दुपारभर स्वतःला भाजून घ्यायचं आणि वर माझ्यावर ओरडायचं? उभा कुठे असतोस रे?"

काय सांगणार? तुझ्या शिवणाच्या दुकानासमोर. कॉलेज सोडल्यापासून दुपारी मला दुसरं कामच काय होतं!

आधी तोंडाला रुमाल बांधून उभा राहायचो. एक दिवस डोकं सटकलं. बघायचंय ना, घे बघून, म्हणत रुमाल काढला. तू मशीनवरून मान वर केलीस, पाहिलंस, आणि उठून आत गेलीस. मी कचऱ्याचा डबा लाथेने उडवला. अंगठा सुजला. तेवढ्यात तुमचे मास्तर रस्ता ओलांडून छत्री घेऊन आले. "धर. कुणाला तरी ऊन लागतंय म्हणे. आणि तो डबा सरळ कर." मला वाटलं, म्हाताऱ्याला कीव आली. छत्री घरी कोपऱ्यात भिरकावली आणि पुढे रोज हट्टाने उघड्या तोंडाने उन्हात उभा राहिलो. मग लेझर कोण मारणार?

डॉक्टरीणबाईंनी परत पाठवलं त्या संध्याकाळी ताईने ती छत्री उघडली. एका काडीपाशी निळ्या दोऱ्याचा दुहेरी टाका होता. माझ्या बॅगेचा बंद तुटला तेव्हा तू घातलास, तस्साच. म्हणजे तू आत गेलीस ती छत्री आणायला! त्या दिवसापासून गपगुमान घरात, सावलीत बसलोय. म्हणून तर दिसलो नाही.

लालसरपणा उतरला की छत्री परत द्यायला येतोय. समोरून नाही, थेट दुकानात. व्रण पूर्ण गेलेला नाही, जाणारही नाही. मला बघून उठून आत गेलीस तरी चालेल. तू काहीतरी आणायलाच जातेस, हे आता मला कळलंय.

छत्रीखालून येणारा,
तुझाच भडकू