ढोम्यांच्या खऱ्या जागेबद्दल

मी, धक्क्यावर ज्याला सगळे कानवाला म्हणतात तो, वय चौऱ्याहत्तर, धंदा मासेमारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता आणि दारूचा थेंबही न घेता लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रागावलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते की नाही, हे वकीलबाईंना आधीच विचारून घेतले आहे. चालते.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची पडवी, बायकोला. तिच्या हयातीत तिला कोणी तिथून हलवायचे नाही. पडवीतली जुनी जाळी काढून टाकावीत. "ही अडगळ कधी जाणार?" असे ती चाळीस वर्षे विचारते आहे. मी गेल्यावर जाईल, हे लेखी उत्तर.

२. होडी आणि इंजिन थोरल्या लेकीला. कोणी नाके मुरडली तर मुरडू देत; अठरा वर्षे माझ्याबरोबर जाळे तिने ओढले आहे. इंजिनाशेजारी बसून माझे कान मंद झाले, तेव्हापासून ऐकायचे कामही तीच करते. वल्ह्याचे पाते पाण्यात सोडायचे आणि दांडा कानामागच्या हाडाला टेकवायचा. खाली ढोमे मासे असले तर त्यांची गुरगुर ऐकू येते. अंडी घालायच्या दिवसांत संध्याकाळी ती इतकी वाढते की दांडा हातातही थरथरतो. माझे नाव त्यावरून पडले. ते वल्हेही तिचेच.

३. मत्स्य खात्याच्या कार्यालयाला माझा वजनकाटा द्यावा, कारण त्यांचा विश्वास फक्त काट्यावर आहे. टोपलीचे वजन पूर्वीइतकेच भरते, म्हणून मासा कमी झालेला नाही, असा त्यांचा अहवाल. अहो, त्याच टोपलीत पूर्वी दहा ढोमे मावायचे, आता साठ लागतात! तळहाताएवढ्या माशाच्या पोटात अंडी निघतात. मोठे होईपर्यंत जगायलाच मिळत नाही, म्हणून बिचारे लहानपणीच अंड्यावर येतात. हे मी तीनदा जाऊन सांगितले. साहेब म्हणाले, "काका, हे तुमचं निरीक्षण झालं, ही माहिती नव्हे." मग पन्नास वर्षे मी समुद्रात काय गोट्या खेळत होतो?

४. धाकट्या भावाला काहीही नाही. सव्वीस वर्षांपूर्वी माझी जागा बघायला तो चोरून माझ्या मागोमाग आला. मी मुद्दाम खडकांवरून नेले आणि त्याचे जाळे फाटले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. चूक त्याचीच होती.

५. आता मुख्य गोष्ट. बावीस वर्षांपूर्वी खात्याचा एक तरुण अधिकारी नकाशा घेऊन आला. ढोमे अंडी कुठे घालतात, तेवढे सांगा, हंगामात ती जागा बंद ठेवू, असे नम्रपणे म्हणाला. आमच्यात स्वतःची जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत, तिथे याला कोण सांगणार? मी उत्तरेकडच्या गाळावर बोट ठेवले. तिथे खेकडासुद्धा फिरकत नाही. त्याने ते लिहून घेतले आणि मी खाली सही ठोकली. आज त्या गाळाभोवती पिवळे तरंगते डबे बांधले आहेत आणि पहाऱ्याची बोट दिवसभर चिखल राखत बसते. खऱ्या जागेवर मात्र ट्रॉलर राजरोस तळ खरवडून नेतात.

चार वर्षांपूर्वी लाज गिळून मी खरे सांगायला गेलो. त्यांनी माझीच जुनी सही माझ्यापुढे धरली आणि पुरावा मागितला. खोटे बोललो तेव्हा माझा शब्द पुरला, खरे बोलायला गेलो तर पुरावा हवा! त्यांचा संताप येतोच. पण त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो.

म्हणून, नोंदणी होणाऱ्या या कागदावर लिहितो. दीपगृह बर्फ कारखान्याच्या धुरांड्यामागे पूर्ण झाकले जाईल आणि दक्षिणेचा तुटका सुळका जुन्या गोदामाच्या छपरावर बरोबर मधोमध दिसेल, तिथे होडी थांबवावी. खोली अकरा वाव, तळ वाळूचा आणि शिंपल्यांचा. ही जागा मी कोणा एकाला देत नाही. ती बंद करावी.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावरच लागू होतं."

"तोवर मासा थांबणार आहे का?" मी विचारले. पूर्वी महिनाभर चालणारी गुरगुर गेल्या हंगामात लेकीला दोनच संध्याकाळी ऐकू आली.

तेव्हा हे कलम मी काल सकाळी धक्क्यावर सर्वांसमोर मोठ्याने वाचले. शिव्या पडतील अशी तयारी होती. पण भाऊ सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"दादा, त्या साहेबाला मीपण खोटीच जागा सांगितली होती."

त्याच्यामागून जाळी दुरुस्त करणारा म्हातारा म्हणाला, "मीपण." मग आणखी चौघे. नकाशावर बंद जागा माझी धरून सात आहेत.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. कलम ४ मुळे भाऊ पात्र ठरतो.

साक्षीदार पहिला: धाकटा भाऊ (सही). सहीखाली त्याने स्वतःची खरी जागा लिहिली आहे. ती खोडू नये.

साक्षीदार दुसरा: जाळी दुरुस्त करणारा (अंगठा). त्याची जागा वकीलबाईंनी त्याच्या सांगण्यावरून लिहून घेतली.

उरलेल्या चौघांच्या जागा वेगळ्या कागदावर, त्यांच्या सह्यांसह.

लिहून ठेवणार: कानवाला (सही)

ठिकाण: धक्का, बर्फ कारखान्यासमोर.

दिनांक: आज. ढोमे अंड्यावर यायला एकोणीस दिवस बाकी आहेत.