आप्पांचा बाराचा मुहूर्त

३ मे, रवि.
स्वाती कॉलेजातल्या चौघांना घेऊन आली. रॉकेट बनवलंय. त्याचा वायूचा सिलिंडर माझ्या सोड्याच्या कारखान्यात ठेवायचा म्हणे. लेक मागते अन् बाप नको म्हणतो, असं आमच्यात अजून झालेलं नाही. सावलीत उभा केला, ओली गोणपाटं गुंडाळली. "पप्पा, तापला की दाब चढतो, ध्यानात ठेवा." तीनदा बजावलं. वरवंडात निम्मी हयात सोड्यात गेली माझी, तरी मान डोलावली.

५ मे
रॉकेट जमिनीला बांधून चाचणी. वायू काढता काढता सिलिंडर गार पडला, दाबाचा काटा उतरला. माझा जुना कामगार महादू चहाचं उकळतं पाणी घेऊन धावला. सोड्याचा सिलिंडर गारठला की आम्ही तेच ओततो. स्वाती किंचाळली, "महादूकाका, मागं व्हा!" पाणी मातीत.
महादू : "आगं, जल्मभर ओततुया मी."
"हा वायू निराळा, काका. उकळतं पाणी पडलं तर फुटंल."
आप्पा खुर्चीत बसून बघत होते. कारखान्याची जागा त्यांची, रॉकेट उडवायचं भांडगावचं रानही त्यांचंच. भाडेकरार जूनमध्ये संपतोय.

७ मे
आप्पांचा फोन. "रविवारी मोठं पाव्हणं येत्यात. बाराला उडवायचं."
"आप्पा, पोरं सकाळी सातचं म्हणत्यात. ऊन..."
"आरं, परवा महादूचं उकळतं पाणी बघितलं की म्या! गरम केलं की जोर वाढतो. बाराच्या उन्हात केडगावच्या पार जाईल."
हसले. मीही हसलो. ह्याच हसण्यावर धंदा उभा केला. फोन ठेवताना म्हणाले, "कराराचंबी बघू रविवारी. निवांत." तो 'निवांत' मला नीट ऐकू आला.

८ मे
स्वातीला वेळ सांगितली. कराराचं बोललो नाही.
"बर्फात ठेवून सिलिंडर गार राखू, पप्पा. पण रॉकेटात भरला की माझ्या हातात काही नाही. पाव्हणे आल्याशिवाय भरणार नाही."
पाव्हणे. अन् वेळेवर.

१० मे, रवि.
केडगावहून बर्फाच्या लाद्या. मंडप, खुर्च्या, नारळ. उडवायची परवानगी आजच्याच दिवसाची. बारा वाजले, पाव्हण्यांचा पत्ता नाही. आप्पा फोनवर बोलून ओरडले, "फाट्यावर आलं! भरा!" स्वातीनं लांबूनच नळीनं भरलं. सगळे मंडपात. रस्ता मोकळाच.
रॉकेटचं धूड उन्हात. स्वातीच्या पडद्यावर दाब चढू लागला.
"आप्पा, आत्ता उडवते, नाहीतर वायू सोडून देते."
"पाव्हण्याबिगर उडवायचं न्हाई! आन् सोडायचं बी न्हाई. हे काय, आलंच."
परत फोन लावला. मी शेजारीच. पलीकडं माणूस म्हणतोय, दोन मिनिटांत पोचतो. त्याच्या मागं भोंग्यावर बाई सांगतेय, दौंड स्थानकात गाडी अमुक फलाटावर येत आहे. म्हंजे पाव्हणे अजून दौंड स्टेशनातच.
आप्पा माझ्याकडं वळले. "सांग की लेकीला, थांब म्हणावं. तुझं ऐकंल ती."
ऐकलं असतं तिनं. त्याचंच भ्या वाटलं.
दाब आता उडवायच्या पलीकडं गेलेला; पोरीचं बोट वायू सोडायच्या बटणावर, डोळे माझ्यावर.
म्हणालो, "सोड."
पांढरा ढग फुस्सकन् निघाला. बराच वेळ निघत राहिला. दुसरा सिलिंडर नाही. चौघांतली एक पोरगी रडली. आप्पा उठले, नारळ तसाच ठेवून गाडीत बसले. माझ्याकडं बघितलं नाही.
पाव्हणे आले तवा आम्ही मंडप उतरवत होतो.

११ मे
आप्पांचा माणूस सकाळीच दारात. "बंगल्यावर बोलावलंय. करार घिऊन या." आवाज रागाचा की समेटाचा, ते आज कळलं नाही. पहिल्यांदाच.
स्वाती म्हणाली, "मी पण येते. वायू मी सोडला."
"तू घरी बस. हे निराळं आहे."
"निराळं काय, ते सांगा तरी."
कपडे करून बाहेर आलो तर ही गाडीत बसलेली, पट्टा लावून. उतर म्हणावं, की वाटेत सगळं सांगून टाकावं? गाडी सुरू केली अन् म्हणालो, "पोरी, करार जूनमध्ये संपतोय."