भिंतीवर उतरलेलं आकाश

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुला उन्हाळ्यापर्यंत मौन सांगितलंय, हे दाजींच्या फोनवरून कळलं. सांगताना त्यांच्या आवाजात जरा जास्तच समाधान होतं, तेवढं तुझ्या कानावर घालते. कान तरी चालू आहेत तुझे. फोनवर मी बडबडणार आणि तू पलीकडे गप्प, त्यापेक्षा पत्रं बरी. शिवाय मला तुझं डोकं हवंय. लोकांच्या घरांची दारं सजवून देतेस, आता बहिणीच्या दाराकडे बघ.

नव्या घरात आलो आम्ही. नवं म्हणजे आम्हाला नवं, घर तसं जुनंच. वरचा मजला, जाड भिंती, ऐसपैस खोल्या. खोड एकच. दार उघडलं की लांबट, काळोखा बोळ. वर लाकडी माळा इतका खाली, की आमचे हे घरात शिरताना आपोआप नमस्कार करतात. चपला पायात येतात, छत्र्या अंगावर पडतात, किल्ल्या रोज हरवतात. परवा आमच्या दातांच्या लॅबमधून एक कवळी घासायला घरी आणली होती, ती किल्ल्या शोधताना हातातून निसटली. शेजारच्या घड्याळजींनी आवाज ऐकून दार ढकललं, तर मी रांगत दात शोधतेय. तेव्हापासून ते माझ्याशी फार अदबीनं बोलतात.

पण खरी काळजी बाबांची आहे. माझ्या सासऱ्यांचा सगळा जन्म उंच इमारतींच्या काचा पुसण्यात गेला, हे तुला ठाऊकच आहे. त्यांचा जोडीदार पडला तेव्हा ते शेजारच्याच दोरावर होते. चूक कुणाचीच नव्हती, वरचा लोखंडी आकडा तुटला. त्याला दीड वर्ष होत आलं, तेव्हापासून बाबा घराबाहेर पडलेले नाहीत. या घरात आणलं तेसुद्धा गाडीतून, आणि सगळी वाट त्यांनी डोळे मिटून घेतले होते. रस्त्यापलीकडे एक काचेची उंच इमारत आहे, म्हणून त्यांच्या खोलीचा पडदा कायम ओढलेला. डॉक्टर म्हणतात, चालले नाहीत तर पाय आखडतील. काल ते बोळाच्या तोंडापर्यंत आले, दाराकडे पाहिलं आणि माघारी फिरले. मी विचारलं, तर म्हणाले की तिथं उभं राहिलं की विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं.

तेव्हा त्या विहिरीचं काहीतरी कर. दाजींना नमस्कार, आणि त्यांनी शांततेचा फार उपभोग घेऊ नये असा निरोप.

माया आहेच तुझी, ती चित्रांच्या रूपानं लवकर पाठव.

तुझी,
भिंगरी

---

ता. १७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि हसायलाही बंदी आहे, म्हणून दाजींच्या दंडाला चिमटा काढून घेतला.

सोबत चित्र पाठवतेय, ते उलटसुलट करून नीट बघ. पहिलं काम, माळा काढून टाका. त्यावर काय ठेवलंय ते तुला सांगता येणार नाही, म्हणजे त्यातलं काहीच लागत नाही. दारासमोरच्या भिंतीला साधा पांढरा रंग द्या आणि तिच्यावर काही टांगू नका. दार उघडल्यावर नजर आधी तिथंच जाते, तिला जरा टेकायला मोकळी जागा हवी. चपलांसाठी अरुंद, झाकणाचं कपाट बाजूच्या भिंतीला. किल्ल्यांसाठी हाताच्या उंचीवर एक फळी, वीतभर पुरे. आरसा बाजूला, दारासमोर नको. बाहेरून दमून आलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःचं तोंड दाखवू नये. दिवा पिवळसर, आणि त्याचा उजेड डोळ्यांवर न येता भिंतीवर पडेल असा.

आता बाबांचं. दाराची जागा सजवताना लोक नेहमी आत येणाऱ्याचा विचार करतात. पाहुण्याला काय दिसेल, पाहुणा काय म्हणेल. बाहेर पडणाऱ्याचं कुणाच्या मनात येत नाही. बाहेर पडायलाही धीर लागतो गं, आणि तो दाराशी गोळा करावा लागतो. म्हणून दाराजवळ एक रुंद बाक कर. पाठीला टेकायला भिंत, हात टेकायला कठडा. बाबांना बस म्हणू नकोस. बाक नुसता असू दे. त्यांना वाटलं तर बसतील, नाही वाटलं तर तू दात शोधताना बसशील.

जपून राहा, आणि मला विसरू नकोस, निदान रंग वाळेपर्यंत.

तुझी,
ताई

---

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जे झालंय ते नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. तरी क्रमानं लिहिते.

भिंतीला रंग दिला, बाक झाला, माळा मात्र मागे राहिला होता, सुतार मिळत नव्हता. शेवटी रविवारी आला. फळ्या निघाल्या, आणि वर सपाट छत नव्हतंच. काचेचा गोल घुमट होता. आतून काळाकुट्ट दिसत होता, कारण बाहेरून कुणीतरी अख्ख्या काचेवर डांबर फासलंय. घड्याळजींचं म्हणणं, लढाईच्या दिवसांत वरून दिवे दिसू नयेत म्हणून लोक असं करत. नंतर कुणी खरवडलं नसेल, मग पावसाळ्यात गळायला लागल्यावर माळा ठोकला असेल. इतकी वर्षं माणसं त्याच्याखालून वाकून ये-जा करत राहिली.

सुतारानं दार लोटून घेतलं, दिव्याची जागा ठरवायला. बोळात अंधार झाला. आणि ताई, तुझ्या त्या पांढऱ्या भिंतीवर आकाश उतरलं.

डांबराचा एक टवका उडालाय, मसुराच्या दाण्याएवढा. तेवढ्यातून उजेड आत येत होता, आणि भिंतीवर बाहेरचं सगळं दिसत होतं, उलटं. खाली निळं आकाश, वरून लोंबणारी ती काचेची इमारत. खालून जमिनीलगत ढग सरकत होते, खरे, त्या क्षणी बाहेर होते तेच. एक पक्षी पाठीवर उडत गेला. सुतारानं डोक्यावरची टोपी काढली. मी तर श्वास घ्यायलाही घाबरले, वाटलं हललं तर सांडेल. घड्याळजींनी समजावलं की उजेड सरळ रेषेत चालतो, बारीक भोकातून वरचा खाली जातो आणि खालचा वर, यात जादू काही नाही. मला समजलं. समजूनही काही कमी झालं नाही.

आम्ही सगळे गप्प का, म्हणून बाबा आले. मी त्यांना अडवायला पुढे झाले, कारण चित्रात ती इमारत होती. पण ते भिंतीपाशी गेले. हात टेकवला, तर मजलेच्या मजले त्यांच्या हातावर आले. मग बाकावर बसले. आणि म्हणाले, की या चित्रात पडणारा माणूस वर जाईल.

आता ते सकाळपासून तिथंच असतात. जेवणाचं ताटही तिथंच. आम्ही कामाला निघालो की वारा कुठला आहे आणि ढग कधी येतील ते सांगतात, आणि तसंच होतं. दार मात्र ते उघडत नाहीत. दार उघडलं की उजेडानं चित्र पुसलं जातं, म्हणून आम्हीसुद्धा चोरासारखे फटीतून ये-जा करतो.

आता काय करायचं? घुमट खरवडला तर बोळ उजळेल, पण चित्र जाईल. तूच सांग.

उत्तराची आणि तुझीही वाट पाहणारी,
भिंगरी

---

ता. १८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र दाजींनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मध्येच थांबले. मी खुणेनं पुढे वाचा म्हटलं, तर म्हणाले की जरा थांब, मला ते आधी बघू दे. डोळे मिटून बसले होते.

मग आम्ही अडगळीच्या खोलीची खिडकी पुठ्ठ्यानं बंद केली, पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि पेट्यांच्या मध्ये अवघडून उभे राहिलो. आधी काहीच नाही. डोळे अंधाराला सरावले तशी समोरच्या घराची वाळत घातलेली चादर भिंतीवर उलटी हलायला लागली. साधी चादर गं. इतकी वर्षं मी लोकांना उजेड कसा आणावा ते शिकवतेय, आणि उजेड हे असं काही करत असतो, भोक मिळेल तिथं, कुणी बघो न बघो, हे मला कधी दिसलं नव्हतं. बोलता येत नव्हतं ते बरंच झालं.

माझं चित्र फाडून टाक. आरसा नको, दिवाही सध्या नको. त्या भिंतीला खिळा लावशील तर याद राख. घुमट खरवडायचा की नाही, हे मला विचारू नकोस, आणि तूही ठरवू नकोस. ती जागा आता बाबांची आहे. त्यांना विचार. घाई नाही.

तुमच्या सगळ्यांवर जीव लावून बसलेली,
ताई

---

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळे सुखरूप आहेत, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

काल मला सुट्टी होती. समोरच्या इमारतीच्या काचा पुसायला दोन माणसं आली होती. दोन दोरांना टांगलेली लांब फळी असते, तिला ते लोक पाळणा म्हणतात, त्यावर उभे राहून. चित्रात ती फळी बोटभर काळी रेघ दिसत होती आणि माणसं मुंगळ्यांएवढी. बाबा सकाळपासून बघत होते. मी शेजारी बसून भाजी निवडत होते. आता फडका पिळतील, आता एक मजला खाली येतील, असं ते सांगायचे आणि ते दोघे तसंच करायचे. वारा सुटला होता.

एकदम बाबा उठले. मला एवढंच दिसलं, की आडवी रेघ तिरकी झालीय. ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, की एका बाजूचा दोर सुटतोय. आणि त्यांनी दार उघडलं. भिंतीवरचं सगळं उजेडात विरून गेलं आणि बाबा जिन्यावर होते.

मी मागून धावले. अनवाणी, दीड वर्ष घराबाहेर न पडलेल्या पायांनी त्यांनी रस्ता ओलांडला. गाड्या करकचून थांबल्या. इमारतीच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी मान वर केली, सरळ वर, आणि हाक मारली. ताई, मी त्यांच्या घरात इतकी वर्षं आहे, हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ओरडणं नव्हे ते. लांबवलेला, स्वच्छ, वाऱ्याच्या वरून जाणारा आवाज. त्या दोघांना म्हणाले, खाली बसा. कमरेचा पट्टा दुसऱ्या दोराला अडकवा. खाली बघू नका, काचेत बघा, स्वतःच्या तोंडाकडे बघा. मध्येच खालच्या आवाजात पहारेकऱ्याला सांगितलं, की गच्चीवर फोन करून यंत्र थांबवायला सांग, आणि त्या मजल्यावरच्या लोकांना बाजूची काच फोडायला लाव. मग पुन्हा वर. बोलणं थांबवलं नाही. त्यांच्यातला एक रडत होता म्हणे, त्याला त्यांनी काचेवर दिसणारे ढग मोजायला लावले.

काच फुटली. एकाला आत ओढलं, मग दुसऱ्याला. त्यानंतर रिकामा पाळणा एका दोरावरून निसटला आणि भिंतीवर आपटत झुलत राहिला. खाली केवढी गर्दी जमली होती.

लोकांनी विचारलं, तुम्ही कोण. बाबा म्हणाले, समोर राहतो. मग त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि मला विचारलं, माझ्या चपला कुठायत. त्या कुठं आहेत हे मलाही सांगता येईना, इतक्या दिवसांत लागल्याच नव्हत्या. घड्याळजींनी आपल्या काढून दिल्या, दोन बोटं मोठ्या. मी घरी चला म्हटलं. ते म्हणाले, तू हो पुढे, मला एका ठिकाणी जायचंय. आणि फटक फटक करत निघून गेले. मी त्या गर्दीत उभी राहून त्यांची पाठ बघत राहिले. हाक मारायचं धैर्य झालं नाही.

दिवेलागणीला परत आले. कुठं गेले होते ते मला सांगितलं नाही. तुला लिहिणार आहेत म्हणे.

घाईघाईत लिहिलंय, अक्षराला हसू नकोस.

तुझी,
भिंगरी

---

ता. ६ मार्च

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद, विशेष.

मला पत्र लिहिण्याची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

तुम्ही घर न पाहता माझ्यासाठी बाक करवला, त्याबद्दल लिहायचं होतं. घुमटाचं सूनबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं, खरवडायचा. शिडी आणली आहे, काच मीच पुसणार. घड्याळजींना हळहळ वाटते, म्हणून त्यांच्या दुकानाच्या फळीला तसंच भोक पाडून देणार आहे. मला आता आकाश सुलटं बघायचं आहे.

त्या दिवशी मी माझ्या जोडीदाराच्या घरी गेलो होतो. तो गेल्यानंतर त्याच्या बायकोला भेटायला गेलो नव्हतो. काय तोंडानं जाऊ, असं वाटायचं. त्यांचा जिना अरुंद आहे, आणि दारात एक माणूस कसाबसा उभा राहील एवढीच जागा. दार ठोकायला हात उचलला आणि तसाच राहिला. पण माझ्या चपलांचा आवाज तिनं ऐकला होता. तिनंच दार उघडलं.

इतके दिवस कुठं होता, असं तिनं विचारलं नाही. रडलीही नाही. म्हणाली, जिन्यावर पाऊल वाजलं की मी दार उघडून बघते, तुम्ही असाल म्हणून. मी विचारलं, का. ती म्हणाली, त्या दिवशी शेवटी तो काय बोलत होता, हे फक्त तुम्हालाच माहीत आहे. बाकी सगळ्यांनी मला तो कसा पडला ते सांगितलं.

मी दीड वर्ष हाच विचार करत होतो, की तिला सांगायला माझ्याकडे काय आहे. आणि हे होतं. मी सांगितलं, की वरच्या मजल्याच्या काठावर एक कबूतर बसलं होतं, काचेत स्वतःला बघत. इकडून बघ, तिकडून बघ, मान वाकडी करून बघ. आम्ही फडका मारला तरी हलेना. तेव्हा तो मला म्हणाला, हे आमच्याच घरचं आहे, लग्नाला निघताना हिचंही असंच चालतं, आणि खरं तर आरशात पहिल्यांदा बघते तेव्हाच छान दिसत असते.

ती हसली. आधी तोंडावर पदर धरून, मग तो सोडून. त्या एवढ्याशा दारात आम्ही दोघं उभे होतो, आणि ती इतकी हसली की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी डोकावून पाहिलं. मग डोळे पुसून तिनं मला पुन्हा एकदा सांगायला लावलं, सगळं, कबुतरापासून.

तिसऱ्यांदा आत बसून सांगितलं.

तुमचा घसा लवकर बरा होवो. बोलू लागलात की इकडे यावं, दार तुमच्याच ओळखीचं आहे.

तुमचा,
भिंगरीचा सासरा