लग्नाचे पाट मोटारीला

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, सोमवार, ता. ९ डिसेंबर १९७४

सगळ्यांत आधी दगडाबाई आली. म्हणजे पाहुणे अकलूजचे, पण त्यांची बातमी घेऊन पळत आली ती आमच्या शेजारची दगडाबाई. "काशम्मा, दारात जीप थांबलीया, आन् एक फेटेवाला तुमच्या मोटारीखाली आडवा पडलाय. जित्ता हाय का बघा की!" मी परातीतलं पीठ तसंच सोडून धावले. जिवंत होता. ऊसवाला बागायतदार. लेकाच्या वरातीला जुनी मोटार विकत पाहिजे म्हणून आपल्या श्रीमंतनं बापाच्या परस्पर त्याला बोलावलेलं, आणि आम्हा म्हाताऱ्यांना पत्ता नाही.

थांब, मायना राहिला की. (तिसरीत मास्तरांनी छडी मारून शिकवला होता, आणि मी आपली गप्पांनीच सुरुवात केली.) चि. सौ. नागव्वा हिला थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद, तुझ्या घरच्यांना नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? थंडी पडलीय, एरंडाचं पान शेकून बांधत जा. म्हैस व्याली का? (म्हशीचं मी उगाच विचारत नाही, ते पुढं येईल.)

आता मोटारीचं ऐक. ती काळी मोटार ह्यांनी एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली, त्याला पंचवीस वर्षं झाली. तुझी चन्नम्मा तिच्यातूनच सासरी गेली आणि विजापूर वेशीपाशी ओकली, आठवतं ना? गेल्या साली ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, चादरीचं दुकान श्रीमंतच्या हाती गेलं, आणि हे ओट्यावर बसले ते बसलेच. बोलणं दोनच शब्दांचं, "चहा" आणि "नको". मोटार शेडमध्ये, हे ओट्यावर, दोघांवर सारखीच धूळ. दोघांना रोज फडकं मारायचं एवढंच माझं काम उरलं होतं बघ.

पाहुण्यांना मोटार लई आवडली. पण दार उघडून बघतात तर स्टेरिंगपुढची लाकडी फळी (तिला डॅशबोर्ड म्हणतात म्हणे) वाळवीनं पार खाल्लेली, आणि ती घड्याळासारखी मीटरं तारांना लोंबकळताहेत, मांडवाला दोडके लोंबावेत तशी. तेवढी फळी नीट करून ठेवा, पंधरा दिवसांनी येऊन घेऊन जातो, असं म्हणून चहा पिऊन गेले. श्रीमंत म्हणाला, "अव्वा, शेडमध्ये गठ्ठे ठेवायचेत. आणि अप्पांनी आता ह्या डोळ्यांनी मोटार चालवायची का?" लेकरू खोटं बोलत नव्हतं गं. ह्यांनी कपात चहा अर्धा तसाच ठेवला.

मग मौनप्पा सुताराला बोलावलं. (नाव मौनप्पा, पण तोंड रंध्यापेक्षा जोरात चालतं. त्याच्या तीन साडवांची भांडणं मला आता तोंडपाठ आहेत.) नव्या सागाचा भाव ऐकून श्रीमंत म्हणाला, प्लायवूड ठोका आणि मोकळे व्हा. तेव्हा हे वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, "जायची तर जाऊ दे, पण माझ्या दारातनं भिकारणीसारखी जाणार न्हाई." ऐकलं मात्र, तशीच माळ्यावर चढले आणि आमच्या लग्नाचे दोन पाट खाली काढले. आपल्या वडलांनी दिलेले, अस्सल सागाचे, मधोमध पितळी फुलाचे. सूनबाईनं जेवायचं टेबल आणल्यापासून ते लोणच्याच्या बरण्यांखाली पडून होते. दोन पाट एकाला एक जोडले की मोटारीची रुंदी बरोबर भरते. वितीनं मोजलं मी.

कागदसुद्धा मीच कापला. वर्तमानपत्र मोटारीत धरून मोठ्या मीटराला आमटीची वाटी, लहान मीटरांना माझी बांगडी ठेवून पेन्सिल फिरवली. भोकं सगळी उजवीकडं, म्हणजे ह्यांच्या पाटाला. माझा पाट डावीकडं, अख्खा, त्याला धक्का लावायचा नाही. मौनप्पा पॉलिशच्या अंगावरच आखायला बसला तशी मी ओरडले, "अरे, खडू नेहमी उलट्या अंगाला!" चाळीस वर्षं चोळ्या बेतल्यात मी, मला कोण शिकवणार? त्यानं पाट पालथे घालून सरसानं एकाला एक चिकटवले, माझा कागद वर जसाच्या तसा ठेवला आणि भोकं पाडली. चोळीला दोन्ही अंगांना बाही असते आणि मोटारीला स्टेरिंग एकाच बाजूला, हे दोघांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही बघ.

पण ते आठ दिवस काय गेले म्हणून सांगू! हे सकाळीच मौनप्पाच्या शेजारी पोतं टाकून बसायचे. पॉलिश पेपरनं लाकूड घासता घासता गुणगुणायचे. एक भाकरी खाणारा माणूस तीनवर आला. हाताला लाकडाचा भुसा, मिशीला भुसा, आणि तोंडभर हसू. मी भिंतीआडून बघत बसायची. (ह्या वयात नवऱ्याला चोरून बघायचं! हसू नकोस.)

फळी बसवायच्या दिवशी सुलटी केली, तर सगळी मीटरं माझ्या बाजूला! ह्यांच्यापुढं माझा पाट, पितळी फुलासकट अख्खा, आणि माझ्यापुढं ह्यांचा, चाळणीसारखा. मौनप्पा जन्मात पहिल्यांदा गप्प झाला. श्रीमंतनं कपाळाला हात लावला. मला तर रडूच फुटलं, वडलांचा पाट माझ्या शहाणपणानं वाया गेला गं. हे मात्र जाड चष्म्यातून टकमक बघत राहिले आणि असे हसले, असे हसले की पत्र्यावरची कबुतरं उडाली. म्हणाले, "मला लांबचं दिसतंय, जवळचे आकडे कुटं दिसत्यात? जिला दिसत्यात तिच्याम्होरं गेले, झ्याक झालं की!" मग गॅरेजवाल्यानं तारा लांबवून दिल्या.

आता मला तरी इंग्रजी आकडे कुठं येतात? पण घड्याळ येतं, गिरणीच्या भोंग्यावर शिकलेलं. म्हणून असं ठरलं, काटा कुठं आहे ते मी घड्याळासारखं सांगायचं. काल होटगी रस्त्याला चक्कर मारली. हे विचारतात, "किती?" मी म्हणते, "आठ वाजले." थोड्या वेळानं, "आता?" "सव्वानऊ झाले, पाय उचला!" आणि उचलतात गं. (एकेचाळीस वर्षांत माझ्या शब्दावर ह्यांनी काही उचललं असेल तर हाच पाय.) वळण आलं की ह्यांचा हात हळूच माझ्या पाटावरच्या पितळी फुलावर जातो. मी मीटराकडं बघत असल्यासारखं दाखवते.

असो. मोटार म्हणजे शेवटी लोखंड. आपण काही वस्तूत जीव अडकवणारी माणसं नव्हे. पाहुण्यांनी न्यावी, सुखानं वरात काढावी. मी मन घट्ट केलंय, माझी काळजी करू नकोस.

तुझी अक्का,
काशम्मा

ता. क. म्हैस आठ दिवस बाहेर लिंबाखाली बांध आणि गोठा स्वच्छ झाडून घे. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं मोटारीनं तुझ्याकडं मुक्कामाला येतोय. श्रीमंतनं विसार घेतलेला नाही, नुसता शब्द दिलाय, आणि तोही ह्यांना न विचारता. त्याच्यासाठी उशीखाली चिठ्ठी ठेवणार आहे, गठ्ठे माझ्या देवघराच्या खोलीत रच म्हणून. ह्यांना मी फक्त तुझा गुडघा लई दुखतोय एवढंच सांगितलंय. तेव्हा जरा लंगडत बाहेर ये.

ता. क. दुसरा. पत्र टपालात टाकायला ह्यांच्या हातात दिलं तर म्हणाले, उघड आणि आणखी एक लिही, नागव्वाच्या गोठ्याचं दार किती हात रुंद आहे ते विचार. नागव्वा, मी ह्यांना गोठ्याचं चकार शब्दानं बोलले नव्हते गं. उलट टपाली कळव. दार दोरीनं मोज, वितीनं नको. अकलूजचे पाहुणे शनिवारी सकाळी येतो म्हणून सांगून गेलेत.