गुंड काळा काऊन पडत नाही

रुचीचे बाबा,

मी आमगावले आईकडे चालली. भात झाकून आहे, वरण गरम करून घ्या.

आईनं आपलं नाव कोरून देलेला आंदणाचा, पाणी भरायचा तांब्याचा गुंड दिवाळीपासून एकदाही काळा पडला नाही. तुम्ही म्हणत होते, मीच घासून राहिलो. मी खरं मानलं. तांब्याले हवा लागली, ओला हात लागला का ते काळवंडतेच. बुडाशी ओल राहिली का हिरवा कीट चढते. चिंच लावली का पुन्हा लाल. लग्नापासून हेच करून राहिली मी. आज चिंच अन् राख घेऊन बसली, तं रंग निघून हाताले लागला. खाली पांढरं स्टील.

आईचा गुंड कुठं गेला, ते तुमच्या तोंडाचा वास रोज सांगते. तेवढंही मी गिळलं असतं. पण त्या रंगवलेल्या स्टीलवर तुम्ही 'मुन्नीबाई' जसंच्या तसं कोरून आणलं, त्याची शिसारी आली मले. दुकानात बसून माझ्या आईचं नाव सांगताना जीभ कशी वळली तुमची?

प्यायचं पाणी त्यातच भरून ठेवलं आहे. नाव वाचून प्या.

ललिता