मावशीची बाहुली

शिक्रापूर,
९ फेब्रुवारी २०२५

आक्का,

पाया पडते. तू, दाजी, घरची सगळी खुशाल असाल असं धरून चालते. माझा फोन तुला लागत नाही म्हणून कागद घेतला. आणि सांगायला इतकं आहे की कुठनं सुरू करू तेच कळेना!

मी बाहुल्या दुरुस्त करते. हसू नकोस! कोरेगाव भीमाच्या एका भंगारवाल्याकडं गोणीभर पडल्या होत्या, त्या लांब तंगड्यांच्या फॅशनवाल्या. केसांच्या जटा झालेल्या, गालावर पेनाच्या रेघोट्या, एकीला तर हातच नव्हता. बघवेना, आणि सोडूनही येववेना. किलोवर उचलून आणल्या.

आता हात असा बसलाय म्हणून सांगू! आधी साबणाच्या पाण्यात जुन्या ब्रशनं घासायचं. केसांना कंडिशनरची पुडी लावून टोकाकडनं हळूहळू विंचरायचं, मग गरम पाण्यात बुचकळायचं, की केस रेशमासारखे सरळ. पेनाच्या डागावर मुरमांचं मलम फासून गच्चीवर उन्हात ठेवायचं, डाग विरून जातो. नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं जुना चेहरा पुसायचा आणि बारीक ब्रशनं नवा काढायचा. टकलीच्या डोक्यात जुन्या गंगावनाचे केस सुईनं ओवायचे. शेजारच्या गिताबाई शिवणकाम करतात, त्यांच्या कातरणातनं साड्या. नऊवारी काय खुलते! फक्त टाचा उचललेल्या असतात, त्यामुळं धड उभ्या राहत नाहीत. मग ह्यांनी तारेचे स्टँड वाकवून दिले.

ह्यांनी म्हंजी संपतनी. तुला लिहिताना त्यांचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसले होते. पण स्टँड त्यांनीच केले, त्याला मी काय करू?

असो. मध्यंतरी मोबाईलवर फोटो टाकले, तर एका मुलीचा, नाव न टाकता, मेसेज आला. तिच्या रुखवताला अख्खं लग्न हवं होतं. नवरा-नवरी, अंतरपाट, भटजी, करवल्या. मी नाचलेच गं! पण गोणीत सगळ्या बायकाच, नवरा एक नाही! शेवटी एकीचे केस बारीक कापले, फेटा बांधला, मिशी काढली. मिशी जरा जास्तच झुपकेदार झाली.

काल ती मुलगी स्कूटीवरनं न्यायला आली. डोळे सोडून तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला. आत आली, नवरदेवाकडं बघितलं आणि फिस्सकन हसली.

"अगं बाई, हा तर डिट्टो आमचे आबा!"

आवाज ओळखीचा वाटला. तिनं स्कार्फ सोडला. आक्का, तुझी प्रांजल! केवढी झालीय! हनुवटी अगदी तुझी. मी तिला अशी धरली की हातातला ब्रश तिच्या ड्रेसला लागला. रंग दिसला असेल तर तिला रागावू नकोस, मी लावलाय. आणि मला भेटून गेल्याबद्दलही रागावू नकोस. "आईला सांगितलंस तरी चालंल," असं तीच म्हणाली.

चहा झाला. बाहुल्या खोक्यात भरताना ती म्हणाली, "मावशे, अजून एक पायजे. करवल्यांच्या मागं मावशी उभी कर. लाल साडी, कपाळाला टिकली. खरीला आबा येऊ द्यायचे न्हाईत. मग ही तरी असू दे."

हे दारातनं म्हणाले, "दे की करून. पोर एवढं मागती हाय."

"न्हाई करणार," मी म्हणाले.

"का गं?" प्रांजलचे डोळे भरले.

"बाहुली आली की मावशी आल्यासारखंच व्हतंय. सगळ्यांचं भागंल. माझं न्हाई भागायचं."

ती खोकं घेऊन गेली. मावशी तेवढी दिली नाही.

आक्का, मी दुसरं लग्न केलं तेव्हा आबा, तुझे सासरे, अंगणात सगळ्यांदेखत म्हणाले, "विधवेनं देवाचं नाव घ्यावं, परत बोहल्यावर चढू नये. हिचा पाय आमच्या उंबऱ्याला लागायचा न्हाई." तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. तू काहीच बोलली नाहीस. मी ते उगाळत बसत नाही. तुला तिथं राहायचं होतं, मी निघून येणारी होते. पण रोज मला वाटायचं, आज आक्काचा फोन येईल.

आता ऐक. प्रांजलच्या लग्नाला मी येणार आहे. हे पण येतील. मी लाल साडी नेसेन, टिकली लावेन, मांडवात मागच्या खुर्चीवर बसेन. आबा बोलले तर ऐकून घेईन, पण अक्षता टाकल्याशिवाय उठणार नाही. तुझ्या लेकीला लहानपणी कडेवर घेऊन झोपवायची मी, तिच्या डोक्यावर अक्षता दुसऱ्या कुणाच्या हातानं कशा पाठवू?

मी येऊ नये असं तुला वाटत असेल तर एक फोन करून सांग. "येऊ नकोस" एवढंच म्हण. निदान तुझा आवाज तरी ऐकायला मिळेल.

आणि फोन नाही आला, तर तू ये म्हणालीस असं समजून मी तुमच्या गावाला यायला चौफुल्याची गाडी धरेन.

तुझी धाकटी,
सौ. अनुपमा संपत दरेकर
(हे नाव तुला पहिल्यांदाच लिहिते आहे. एकदा मोठ्यानं वाच.)