आईचा रंग कोणत्या स्क्रीनवर

२ नोव्हेंबर, रविवार
जुना लॅपटॉप आज चालूच झाला नाही. बटन दाबलं, पंखा घरघरला, बंद. राग येईल वाटलं. आला नाही. चहा ठेवला.
स्टुडिओवाल्या भैयांनी सांगूनच ठेवलं आहे, शंकर नगरची जागा सोडून राहिलो, एडिटिंग आता आपापल्या घरून करा. लग्नाचा सीझन तोंडावर. म्हणजे नवा घेणं आलं.
नितीनचा पुण्याहून फोन. लहान भाऊ, मराठी समजते पण बोलते हिंदीच. "दीदी, ग्राफिक्स कार्ड वाला लेना. संडे को रेस खेलेंगे, पहले जैसा." बरं म्हटलं. आई गेल्यापासून तो गेमबद्दलच बोलते. मी ऐकते.

५ नोव्हेंबर, बुधवार
आईच्या फोटोवरची काळी धूळ पुसली. बाल्कनी बंद ठेवली तरी येते, सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून. बाबांची सगळी नोकरी तिकडंच गेली, प्लांटमध्ये क्रेनवर. बाबा मागं येऊन उभे राहिले.
"हे कोण आहे?"
"बाबा, काहून असं बोलता? आई आहे."
"तुझी आई सावळी होती."
बस, एवढंच. जाऊन टीव्ही लावला.
पाहिलं मग नीट. आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी हा फोटो मीच केला होता, जुन्या लॅपटॉपवर. लग्नातल्या नवरींचे फोटो करून करून हात बसला आहे. चेहरा उजळ, डोळ्याखालचं काळं साफ. हनुवटीवरचा तीळही गेला. तेव्हा सगळे म्हणे, छान आला. बाबा काही बोलले नव्हते.
मले वाईट वाटलं का? माहीत नाही. भांडी घासली.

८ नोव्हेंबर, शनिवार
लॅपटॉपच्या दुकानात गेली. पेनड्राइव्हमध्ये आईचा मूळ फोटो नेला, अभनपूरले मामाच्या पोरीच्या लग्नातला. घाम आलेला, पदर सरकलेला, पंगत वाढून नुकतीच बसलेली. रंग तपासायले ओळखीचा चेहरा लागते, म्हणून हा. दुसरं काही कारण नाही.
गेमिंगवाल्यावर उघडला. जाड, मागं लाल लाइट. त्यावर आई राखेसारखी. दुसऱ्या एका पातळ लॅपटॉपवर आई निळसर. तिसऱ्यावर एकदम गोरी. सेल्सवाली दीदी खूश. "मॅडम, ये स्क्रीन देखिए, कितना ब्राइट! आंटीजी कितनी अच्छी लग रही हैं."
हव म्हटलं.
आईचा चेहरा असा ओळीनं तीन ठिकाणी. लोक येऊन-जाऊन राहिले होते. मी रॅम विचारली, बॅटरी विचारली.
काही न घेता परत.

९ नोव्हेंबर, रविवार
नितीनले सांगितलं, गेमिंगवाल्याची स्क्रीन फिकी आहे.
"तो बाहर से मॉनिटर लगा लेना, दीदी."
"आणि स्क्रीन चांगली, कार्ड हलकं, असा घेतला तर?"
"गेम चलेगा क्या उसमें?"
"लो सेटिंगवर चालेल."
"तो ले ले. खेलना है बस."

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज बाबा सोबत आले. मी बोलावलं नव्हतं, चप्पल घालून दारात उभे होते.
दुकानातल्या दीदीनं नवा आलेला एक दाखवला. ना जाड ना पातळ. कार्ड साधंच. फोटो उघडला. बाबा खुर्ची ओढून बसले, चष्मा वर केला, खाली केला.
"मोठं कर."
केलं. तीळ. कपाळावरचा घाम.
"अजून."
दीदी म्हणे, "अंकल, ब्राइटनेस बढ़ा दूँ?"
"नको," बाबा म्हणे. मग हिंदीत, "रहने दो. ऐसी ही थी."
हाच घेतला. ऑटोत लॅपटॉपचा डबा बाबांनी मांडीवर धरून ठेवला. घरी येऊन जेवले नाहीत. मी जेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार
रेस खेळलो. लो सेटिंगवर झाडं चौकोनी दिसतात, गाडी मात्र पळते. मी दोनदा भिंतीवर नेली. नितीन हसला, लय दिवसांनी. मले हसू आलं नाही, पण खेळत राहिली.
मग त्याले आईचा फोटो पाठवला, या स्क्रीनवर केलेला. काही पुसलं नाही, फक्त उजेड बरोबर केला. फोन स्पीकरवर होता.
त्यानं उघडून पाहिला. "दीदी, दीवार पे वो पुरानी वाली ही रहने दो ना. इसमें मम्मी थकी हुई लग रही है."
बाबा आतून म्हणे, "थकलेलीच होती ते."
फोन कोणीच ठेवला नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आईच्या नव्या फोटोची प्रिंट अजून काढायले दिली नाही. बाबा विचारत नाहीत. नितीनचा मेसेज नाही.
भैयांनी सीझनचं पहिलं लग्न पाठवलं. नवरी सावळी, गालावर एक व्रण, छान हसून राहिली. खाली भैयांचं लिहिलेलं: दुल्हन को थोड़ा फेयर कर देना.
सकाळपासून फाइल उघडी आहे. अजून हात लावला नाही.